ताटस्थ्य आणि निर्व्याजता : 'डिसइंटरेस्टेड' ह्या शब्दाच्या निमित्ताने

पुष्कळ वर्षांपूर्वी एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासत असताना मॅथ्यू आर्नल्डवरील एका उत्तरात एक वाक्य आढळले. समीक्षक हा 'अनइंटरेस्टेड' असला पाहिजे असे आर्नल्डचे मत आहे, असे त्या विद्यार्थ्याने लिहिले होते. मी त्या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले, समासात 'डिसइंटरेस्टेड' असा शब्द लिहिला आणि एक गुण कापला. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस वाटत नाही असा, कंटाळलेला. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. हा भेद आमच्या शिक्षकांनी आम्हांला शिकवला होता आणि आम्ही तो पुढच्यांना शिकवत होतो. पुढे केव्हातरी ऑक्सफर्डच्या बृहत्कोशातील ह्या दोन शब्दांच्या नोंदी सावकाश वाचण्याचा योग आला. तेव्हापासून तो कापलेला गुण मनाला लागून राहिला आहे.

कोशातील हकीकत अशी की, हे दोन शब्द एकमेकांच्या जागा घेऊन बसले आहेत. 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो. त्याचा सर्वांत जुना नोंदलेला वापर कवी जॉन डन याच्या लेखनात आहे, आणि तेथे त्याचा अर्थ आहे 'बेफिकीर', 'ज्याला काही पडलेली नाही असा'. निःपक्षपाती हा अर्थ त्यानंतरचा. त्याची नोंद १६५९ पासूनची आहे. उलट 'अनइंटरेस्टेड' हा शब्द त्याच शतकाच्या मध्यास जन्मला तो निःपक्षपाती ह्या अर्थानेच, आणि कंटाळलेला हा त्याचा आजचा अर्थ १७७१ च्या पूर्वी सापडत नाही. अठराव्या शतकात दोघांनी आपापली मूळ घरे सोडली. विसाव्या शतकात 'डिसइंटरेस्टेड' पुन्हा आपल्या जुन्या घरी, म्हणजे बेफिकिरीकडे, जाऊ लागला. तेव्हा भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी केवढा गहजब केला! अमेरिकन हेरिटेज कोशाच्या सल्लागार लेखकमंडळाने हा वापर मोठ्या बहुमताने अग्राह्य ठरवला. अशिक्षितांच्या हातून एक सुंदर शब्द नासला, अशी ती तक्रार होती. वस्तुतः ज्याला ते नासणे म्हणत होते तो त्या शब्दाचा पहिला अर्थ होता. माझ्या विद्यार्थ्याने नकळत सतराव्या शतकातील इंग्रजी लिहिली होती आणि तिच्या हिशेबाने तो बरोबर होता.

शब्दांचे असे स्थलांतर प्रत्येक भाषेत घडते, त्यात नवल नाही. परंतु निःपक्षपातीपणा आणि बेफिकिरी ह्या दोन अर्थांमधील भिंत इतकी पातळ का असावी की, एकाच शब्दाने तीनशे वर्षांत ती दोनदा ओलांडावी? हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. मराठी समीक्षेने आर्नल्डचा हा शब्द जेव्हा 'तटस्थ' ह्या शब्दात आणला, तेव्हा ती भिंत आपण जवळजवळ पाडूनच टाकली, असे मला वाटते. त्याचे परिणाम आपल्या वाङ्मयीन व्यवहारात दिसतात. परंतु त्याआधी मूळ शब्दाच्या पोटातील 'इंटरेस्ट' पाहावयास हवा.

लॅटिनमध्ये 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'एस्से' म्हणजे असणे. 'इंटरेस्ट' हे मुळात नाम नव्हे, ते क्रियापद आहे : मध्ये आहे, फरक पडतो, कोणाला तरी त्याचे महत्त्व आहे. ह्या क्रियापदाचे नाम झाले ते मध्ययुगीन कायद्यात, आणि तेही सावकारीच्या प्रश्नातून. ख्रिस्ती धर्मशास्त्राला कर्जावर नफा घेणे निषिद्ध होते. मात्र ऋणकोने ठरल्या मुदतीत पैसे फेडले नाहीत आणि त्यामुळे धनकोचे नुकसान झाले, तर त्याची आजची स्थिती आणि एरवी असती ती स्थिती यांच्यामधील अंतर भरून मागण्याची मुभा होती. हे मधले अंतर म्हणजे 'इंटरेस्से'. ही फट सापडल्यावर व्यवहारी जगाने तिचा दरवाजा केला. जे उघडपणे घेता येत नव्हते ते नुकसानभरपाईच्या नावाखाली घेतले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या १५४५ च्या कायद्याने शेकडा १० पर्यंतच्या आकारणीला वाट दिली. १५५२ साली ती बंद झाली आणि १५७१ साली पुन्हा उघडली. शेक्सपिअरच्या व्हेनिसमधील शायलॉकला अँटोनिओचा जो राग आहे त्यात हेही एक कारण आहे की, आपल्या कष्टाच्या कमाईला हा मनुष्य चारचौघांत 'इंटरेस्ट' म्हणून हिणवतो.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट सहज सुचावी. आपण कर्जावरील ह्या आकाराला 'व्याज' म्हणतो. संस्कृतात 'व्याज' म्हणजे निमित्त, बहाणा, सोंग. व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. युरोपातील धर्मपंडितांना चकवण्यासाठी जे निमित्त पुढे करण्यात आले त्याचे नाव 'इंटरेस्ट' ठरले, आणि आपल्याकडे निमित्ताचा वाचक असलेला शब्द सावकाराच्या वहीत जाऊन बसला. ह्या योगायोगावर कोणताही सिद्धान्त उभारण्याची माझी इच्छा नाही. परंतु आपल्याजवळ 'निर्व्याज' हा शब्द आहे, आणि 'डिसइंटरेस्टेड'ला घटकाला घटक लावून दाखवावा असा तो आहे. निर्व्याज प्रेम, निर्व्याज हास्य असे आपण म्हणतो. त्यात लबाडी नाही, काही परत मिळवण्याचा हिशेब नाही, असे आपल्याला सुचवावयाचे असते. निर्व्याज प्रेम करणारा मनुष्य अलिप्त असतो असे मात्र कोणी म्हणणार नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. त्या कथेत व्याज बुडाले आहे. ऋणको कुळांविषयीची आस्था मात्र बुडालेली नाही, किंबहुना तिच्यामुळेच खते पाण्यात गेली.

इंग्रजी 'इंटरेस्ट'ला पुढे आणखी एक अंग फुटले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला कुतूहल, गोडी हा अर्थ चिकटला. मन वेधून घेणारे ह्या अर्थाने 'इंटरेस्टिंग' हा शब्द लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ च्या प्रवासकथेत प्रथम नोंदलेला आहे. एकाच शब्दात आता धनको, भागधारक आणि कुतूहलाने वाचणारा रसिक एकत्र राहू लागले. मग त्याला नकारार्थी उपसर्ग लावल्यावर नेमका कोण घराबाहेर गेला, हे कसे कळावे? इंग्रजीचा गोंधळ हा असा स्वाभाविक आहे. मराठीत तो स्वाभाविक नाही. एका अर्थासाठी आपल्याकडे 'हितसंबंध' आहे आणि दुसऱ्यासाठी 'रस' आहे. ह्या खटल्यात माझा हितसंबंध नाही आणि ह्या खटल्यात मला रस नाही, ही दोन वाक्ये कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला वेगळी लागतात. जो भेद इंग्रजीला दोन उपसर्गांच्या काठ्यांवर तोलून धरावा लागतो, तो आपल्याकडे पायाशीच आहे.

हितसंबंध म्हणजे काय, हे कायद्याइतके स्पष्टपणे कोणी सांगितलेले नाही. इंग्लंडमध्ये ग्रँड जंक्शन कालवा कंपनी आणि डाइम्स नावाचा एक जमीनमालक यांच्यात दीर्घकाळ चाललेला दावा होता. लॉर्ड चॅन्सलर कॉटनहॅम यांनी त्यात कंपनीच्या बाजूने हुकूम दिला. नंतर उघडकीस आले की, कॉटनहॅम स्वतः त्या कंपनीचे भागधारक होते. १८५२ साली उमराव सभेने तो हुकूम रद्द केला. रद्द करताना न्यायाधीशांनी हेही सांगितले की, ह्या हितसंबंधाचा कॉटनहॅम यांच्या मनावर तिळमात्र परिणाम झाला असेल असे कोणालाही वाटत नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. कॉटनहॅम यांच्या मनाचा शोध घेण्याच्या फंदात सभा पडलीच नाही. भाग होते की नव्हते, एवढेच तिने पाहिले. हितसंबंध ही मनोवृत्ती नसून वस्तुस्थिती आहे, ती कागदावर दाखवता येते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली क्रैपाक यांच्या खटल्यात हेच तत्त्व प्रशासकीय निवडीला लावले. तेथे वनसेवेसाठी उमेदवार निवडणाऱ्या मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. आपल्या नावाचा विचार चालू असताना तो बैठकीबाहेर राहिला होता, परंतु तेवढ्याने न्यायालयाचे समाधान झाले नाही आणि निवड रद्द झाली. वाङ्मयीन पुरस्कारांच्या समित्यांवर बसणाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, हा निकाल एकदा वाचावयास हरकत नाही.

कायद्याच्या ह्या कोरड्या प्रांतातून शब्द बाहेर पडला तो भक्तीच्या वाटेने. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस फेनेलाँ आणि बोस्युए ह्या दोन धर्माचार्यांत मोठा वाद झाला. स्वर्गाची आशा आणि नरकाचे भय दोन्ही सोडून ईश्वरावर प्रेम करता येते काय, हा त्याचा विषय होता. येते, असे फेनेलाँचे म्हणणे होते. १६९९ साली पोपने त्याच्या ग्रंथातील विधाने दोषार्ह ठरवली. अहैतुकी भक्तीची कल्पना ज्यांना बालपणापासून परिचित आहे त्यांना ह्या वादाचे आश्चर्य वाटेल. इंग्लंडमध्ये शाफ्ट्सबरीने हेच निर्हेतुक प्रेम नीतीला आणि सौंदर्याला लावले, हचिसनने ते पुढे नेले, आणि १७९० साली कान्टने सौंदर्यविषयक निर्णयाचे पहिलेच लक्षण म्हणून त्याची स्थापना केली. हा भाग सौंदर्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून पुरेसा आलेला आहे. एवढेच ध्यानात ठेवावयाचे की कान्टचा आग्रह वस्तूच्या अस्तित्वापासून मला काय मिळणार हा प्रश्न बाजूला ठेवण्याचा आहे. वस्तूकडे पाठ फिरवण्याचा नाही.

कादंबरीकारांना मात्र ह्या शब्दातील ढोंग फार लवकर कळले. जेन ऑस्टिनच्या जगात 'डिसइंटरेस्टेड' हा विवाहाच्या बाजारातील शब्द आहे. पैशाकडे न पाहता जडलेला तो जीव. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी'मधील इझाबेला थॉर्प आपल्याला संपत्तीची पर्वा नाही, झोपडीतही सुख मानू, असे घोळून घोळून सांगत असते. भावी पतीला वर्षाला फक्त ४०० पौंडांची वृत्ती मिळणार आणि तीही दोन-अडीच वर्षांनी, हे कळताच तिचे लक्ष एका धनिकपुत्राकडे वळते. निर्हेतुकतेची ग्वाही जो सर्वांत मोठ्याने देतो त्याच्याकडे नीट पाहावे, हे ऑस्टिन न सांगता सांगते.

ही सगळी ओझी अंगावर असलेला शब्द आर्नल्डने १८६४ साली समीक्षेच्या दारात आणून उभा केला. 'समकालात समीक्षेचे कार्य' हा त्याचा निबंध प्रथम ऑक्सफर्ड येथे व्याख्यानरूपाने आणि पुढच्याच वर्षी 'एसेज इन क्रिटिसिझम' ह्या संग्रहात आला. समीक्षेने कोणता नियम पाळावा, तर हा एकच, असे त्याने म्हटले. त्याचे कारण त्याच्या काळात होते. तत्कालीन इंग्लंडमधील प्रत्येक नियतकालिक कोणत्या तरी पक्षाचे किंवा पंथाचे होते, आणि त्या पक्षाच्या सोयीपुरतीच विचाराला तेथे मुभा होती. विचारांचा मोकळा खेळ व्हावयाचा तर समीक्षेने व्यवहारातील तात्कालिक लाभालाभापासून दूर राहिले पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे. ह्याच निबंधात एक वाक्य असे आहे की, त्याकडे भारतीय वाचकाने थांबून पाहावे. अशा समीक्षेवर आक्षेप येईल की, तिने अनासक्तीचा भारतीय गुण अंगीकारला आणि म्हणून ती संथ व अप्रसिद्ध कामाला बांधली गेली, असे आर्नल्ड स्वतःच म्हणतो, आणि तसे असले तरी तेच समीक्षेचे खरे काम आहे असे उत्तर देतो. हा उल्लेख ओझरता नाही. चार्ल्स विल्किन्सने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या गीतेच्या इंग्रजी अनुवादाची गोडी त्याला तरुणपणीच लागली होती. मित्र क्लफ याला १८४८ साली लिहिलेल्या पत्रांत त्याच्या खुणा आहेत. त्याचा धाकटा भाऊ विल्यम हा पंजाबचा शिक्षणसंचालक होता आणि १८५९ साली मायदेशी परतताना जिब्राल्टर येथे वारला. अर्थात ह्या अनासक्तीची थोरवी आपल्याला शिकवणारी विद्यापीठे ज्या सत्तेने स्थापन केली, तिचा पाया एका भागधारक कंपनीने घातला होता, हेही विसरता येत नाही. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' (१९८९) ह्या ग्रंथात इंग्रजी साहित्याच्या अध्यापनामागील हा हिशेब सविस्तर मांडला आहे.

पण आर्नल्डचा समीक्षक काठावर बसलेला आहे काय? निबंधातील सर्वांत गाजलेला भाग पाहू. ॲडर्ली आणि रोबक हे दोन राजकारणी इंग्रज वंशाची आणि इंग्लंडच्या सुखस्थितीची मुक्तकंठाने स्तुती करीत होते. त्या स्तुतीशेजारी आर्नल्ड वर्तमानपत्रातील एक चार ओळींची बातमी ठेवतो. रॅग नावाची एक मुलगी आपल्या अनौरस अर्भकासह नॉटिंगहॅमच्या निराधारगृहातून बाहेर पडली. अर्भक गळा दाबलेल्या स्थितीत टेकडीवर सापडले. ती अटकेत आहे. बस्स, एवढेच. बातमीच्या अखेरीस तिचे पहिले नावही गाळलेले आहे, हे आर्नल्ड टिपतो. ह्या एका जोडणीने दोन भाषणांचा फुगा फुटतो. हे लिहिणाऱ्याला त्या मुलीविषयी रस नव्हता असे म्हणता येईल काय? त्याचा त्यात हितसंबंध नव्हता, एवढेच. तो कोणत्याही पक्षाचा उमेदवार नव्हता. म्हणूनच पक्षाच्या वृत्तपत्रांना जी बातमी गैरसोयीची ती त्याला उचलता आली. दुर्दैवाने त्याच ठिकाणी 'रॅग' ह्यासारख्या इंग्रजी आडनावांच्या कुरूपतेवर तो काही वाक्ये खर्च करतो. तेथे अभिजनाची अभिरुची त्याच्या नकळत बोलून जाते. जो हितसंबंध भागपत्राच्या रूपात दाखवता येत नाही, तो असा कानात राहतो.

आता आपल्या भाषांतराकडे वळू. 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला. नदी वाहते आहे, कोणी पोहतो आहे, कोणी बुडतो आहे, आणि हा काठावरून पाहतो आहे. वेदान्तात 'तटस्थ लक्षण' म्हणून जी संज्ञा आहे तिच्यातही हाच भाव आहे. वस्तूच्या स्वरूपात न शिरता बाहेरून तिची ओळख पटवणारे ते लक्षण. हितसंबंध नसणे ही कल्पना ह्या शब्दात मुळी नाहीच. काठावर उभ्या माणसाची शेती त्याच नदीच्या पाण्यावर असू शकते. तरीही मराठी समीक्षेत हा शब्द रुळला, आणि त्याच्याबरोबर एक सूरही रुळला : थोडा थंड, थोडा वरून बोलणारा, स्वतःला कशाचेच काही नाही असे दाखवणारा. त्या सुरात मीही लिहिलेले आहे.

जुन्या भाषेत ह्याहून सूक्ष्म भेद होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात मित्र, शत्रू यांच्याबरोबर उदासीन आणि मध्यस्थ असे दोघे वेगवेगळे सांगितले आहेत. शंकराचार्य आपल्या भाष्यात त्यांतील अंतर दाखवतात : उदासीन तो, जो कोणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो. कौटिल्याच्या मंडलविचारात उदासीन राजा हा दुबळा किंवा खिन्न नाही, तो इतरांहून बलवान आहे. तुकोबाही चांगल्या मार्गाने जोडलेले धन खर्चताना मन उदास असावे म्हणतात, तेव्हा त्यांना खंत अभिप्रेत नसते. आज मात्र 'उदास' म्हटले की कोणी आजारी आहे काय, असे आपण विचारतो. 'डिसइंटरेस्टेड'ची इंग्रजीत जी गत झाली तीच 'उदासीन'ची मराठीत झाली, निःपक्षपातापासून निरुत्साहापर्यंत. 'मध्यस्थ'चे भाग्य जरा बरे, परंतु तो आता लग्ने जुळवतो आणि घरांच्या व्यवहारात दलाली घेतो. शब्दाची घडण पाहिली तर लॅटिन 'इंटर-एस्से' आणि आपला 'मध्य-स्थ' ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. मध्ये असणाऱ्याचा स्वार्थ असणार, असे रोमच्या वारसांनी धरले. मध्ये असणारा दोघांचाही असू शकतो, असे आपल्या पूर्वजांनी धरले.

ते भोळे होते असे मात्र समजू नये. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद निर्माण होतो. एक राणीच्या मर्जीतला, दुसरा राजाच्या. तेव्हा राजाराणीने निवाडा करणे योग्य नाही, हे सर्वांना पटते. परिव्राजिका कौशिकी हिला परीक्षक नेमतात. ती संन्यासिनी आहे, विदुषी आहे, कोणाचे काही लागत नाही. तिच्याहून तटस्थ कोण असणार? ती निर्णय देते की प्रयोग पाहिल्यावाचून गुण ठरत नाहीत, शिष्यांना रंगमंचावर आणावे, आणि अंगांची लय दिसावी म्हणून नेपथ्य हलके असावे. राजाला हवे होते ते नेमके हेच, कारण त्याला मालविका पाहावयाची होती आणि तो सगळा वाद विदूषकाने त्यासाठीच पेटवलेला होता. कौशिकी ह्या बेतात सामील असावी असे वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही. शेवटच्या अंकात तर कळते की, मालविका ही राजकन्या आहे आणि हे कौशिकीला पहिल्यापासून ठाऊक होते. तिने दिलेला निर्णय कलेच्या दृष्टीने चुकीचा आहे काय? मुळीच नाही, नाट्य हे प्रयोगप्रधान शास्त्र आहे, हे तिचे म्हणणे निर्विवाद आहे. कॉटनहॅम यांचाही हुकूम कदाचित योग्यच असेल. निर्णय बरोबर असणे आणि निर्णायक निर्व्याज असणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कालिदासाने हसत हसत दाखवले आहे.

रसचर्चेत तर 'ताटस्थ्य' हा शब्द दोषवाचक आहे, आणि ह्याचा विसर मराठी समीक्षेला पडावा हे चमत्कारिक आहे. भट्टनायकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, परंतु अभिनवगुप्ताने त्याचे मत दिले आहे. रस जर दुसऱ्या कोणाचा म्हणून प्रतीत झाला तर प्रेक्षक तटस्थ राहतो आणि आस्वाद संभवत नाही. स्वतःचा म्हणून प्रतीत झाला तर करुणात तो खरोखरीच दुःखी होईल, शृंगारात लज्जित होईल. म्हणून दोन्ही नकोत, साधारणीकरण हवे. अभिनवगुप्ताने भट्टनायकाच्या इतर कल्पना खोडल्या, ही मात्र राखली. त्याने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. त्याचा आदर्श वाचक 'सहृदय' आहे, वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता असलेला. म्हणजे हितसंबंध हे विघ्न आणि काठावर राहणे हेही वैगुण्य. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली, आणि पुढे आपल्याकडे तादात्म्य की ताटस्थ्य अशी चर्चा बराच काळ रंगली. ती चर्चा आस्वादापुरती राहिली. मूल्यमापन करताना समीक्षक कोठे उभा असतो, हा प्रश्न तिच्यात नीट विचारला गेला नाही.

तो प्रश्न विचारला गेला होता, पण वाङ्मयाच्या अंगणाबाहेरून. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती आणि न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठवले. फुल्यांनी उत्तरादाखल लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जे माणसांचे हक्क प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय आहे. सर्व ग्रंथकारांसाठी खुल्या असलेल्या त्या व्यासपीठाखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे त्यांनी दाखवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित साहित्याने हाच आक्षेप अधिक विस्ताराने घेतला, आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) ह्या ग्रंथाने त्याला शास्त्राचे रूप देण्याचा प्रयत्न केला. तटस्थ म्हणवणारी अभिरुची ही एका समाजगटाची अभिरुची आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यावरून हितसंबंधरहित समीक्षा ही मुळातच थाप आहे आणि ज्याने त्याने आपल्या पक्षाची समीक्षा करावी, असा जो निष्कर्ष हल्ली वरचेवर निघतो, तो मला मान्य नाही. कॉटनहॅम यांचे भागपत्र सापडले म्हणून कोणी न्यायालये बंद केली नाहीत.

अडचण अशी की, न्यायाधीश खटला सोडून उठू शकतो. समीक्षकाला आपली जात, आपले बालपण, आपला कान सोडून उठता येत नाही. मग त्याने काय करावे, ह्याचे एक उदाहरण मराठीत आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली निघाला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. लिहिण्यापूर्वी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत रात्री हिंडले. कवितांतील अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत, हे त्यांनी लपवले नाही. त्यांचे अर्थ त्यांनी कवीला विचारून घेतले. पांढरपेशा जगातून आलेला एक लेखक आपण कोठून आलो आहोत ते सांगतो आणि मग पाण्यात उतरतो. ह्या प्रस्तावनेला तटस्थ म्हणता येणार नाही. तेंडुलकरांना त्या कवितांकडून काही मिळवावयाचे होते असेही म्हणता येणार नाही. तिच्यातील काही निरीक्षणे आज अपुरी वाटतात आणि ढसाळांच्या पुढच्या अभ्यासकांनी त्यांपुढे जाऊन लिहिले आहे. तरी त्या काळातील कितीतरी काठावरच्या परीक्षणांपेक्षा ती अजून वाचावीशी वाटते.

'निर्व्याज समीक्षा' असा शब्दप्रयोग मी मध्यंतरी वर्गात करून पाहिला. विद्यार्थी हसले, त्यांच्या कानाला तो बँकेच्या जाहिरातीसारखा लागला. एकीने विचारले, सर, ह्यात मुद्दल कोणते? मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही.